बरडावर टाकलेला गाळ

माझ्या बायकोच्या वाट्याला आलेलं शेत मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. अपमान तिचा झाला आहे असं मी स्वतःला सांगत होतो, कारण दुसऱ्याच्या अपमानाने दुखावलेला माणूस जरा उदात्त दिसतो. प्रत्यक्षात तिला काहीच झालं नव्हतं. ते शेत तिने मागून घेतलं होतं.

तिचं माहेर कुहीच्या पलीकडे. तिकडे शेती म्हणजे धान आणि जमीन म्हणजे बांधी. चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेली, पावसाचं पाणी पोटाशी धरून बसणारी. गावाच्या कडेला मात्र एक उंचवटा आहे. तिथे मातीपेक्षा खडेच जास्त. तांबूस, मुरमाड, चालताना चपलेखाली करकर वाजणारी जमीन. गावात तिला बरड म्हणतात, आणि म्हणताना तोंड थोडं वाकडं करतात. सासरे गेल्यावर वाटणीचं बोलणं निघालं, तेव्हा तिच्या मोठ्या भावाने विचारलं, "तुले कोनती बांधी पायजे, सांग."

"बांधी नको. बरड दे," ती म्हणाली.

बरडाबद्दल मेहुण्याच्या मनात वेगळं होतं. रस्त्याच्या कामांना मुरूम लागतोच, तो खणून देऊन टाकायचा. उंचवटा खाली गेला की कालव्याचं पाणी तिथवर पोचेल आणि मग दोन चांगल्या बांध्या पाडता येतील. योजना वाईट नव्हती. धानाच्या गावात उंच जागा म्हणजे वाया गेलेली जागा.

"एक पावसाळा मले पाहू दे, दादा," बायको म्हणाली. "भुईमूग लावतो. नाही झाला, त तुह्या मनासारखं कर. मी काही बोलणार नाही."

तो कबूल झाला. म्हणजे सगळं एका पावसाळ्यावर आलं. भुईमूग झाला तर बरड राहील, नाहीतर ट्रकमध्ये भरून जाईल. परत येताना मी तिला विचारलं, की एवढ्या काळ्या जमिनी सोडून हेच का? ती म्हणाली, "लहानपणी आई अन् मी तिथं भुईमूग लावत होतो. सगळं गाव धानाच्या रोवणीच्या चिखलात राहे आणि आमचे पाय कोरडे."

याला मी कारण मानलं नाही. मी मनात ठरवून टाकलं, की भावाला दुखवायचं नाही म्हणून तिने वाईटातलं वाईट घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्या घरासाठी खस्ता खाल्ल्या, मी तिला काय दिलं? अशा प्रश्नांनी मी लवकर हळवा होतो. हळवा झालो की काहीतरी करायला निघतो. माझी बहुतेक चुकीची कामं याच पद्धतीने सुरू झालेली आहेत.

सुरुवात दगडांपासून झाली. मी शहरातल्या सक्करदऱ्याकडच्या, हातमागावर विणणाऱ्या घरात वाढलो. आता एका कॉलेजच्या लायब्ररीत बसतो, पण वडिलांचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. ते विणलेल्या कापडावरून तळवा फिरवायचे आणि जिथे गाठ लागेल तिथे थांबून ती नखाने अलगद काढायचे. कापड कसं सलग, सपाट, गुळगुळीत हवं. बरडावर उभा राहिलो की मला गाठीच गाठी दिसत. मग उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी मी हुडकेश्वरच्या आमच्या घरून स्कूटरवर जायचो, डोक्याला दुपट्टा बांधायचो आणि दगड वेचायचो. वेचलेले दगड धुऱ्यावर नीट रचायचो. कंबर मोडायची, पण पापाचा भार हलका झाल्यासारखं वाटायचं. ते दगड माझ्या पापांचे नव्हते, शेताचे होते, हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही.

"तुम्ही दगड वेचून राहिले की शेतच उचलून नेऊन राहिले?" बायकोने एकदा विचारलं होतं. मी हसलो. मला वाटलं, कौतुक आहे.

मग मे महिन्यात ती पंधरा-वीस दिवस मुलीकडे पुण्याला गेली आणि मला मैदान मोकळं मिळालं. त्याच सुमारास गावाच्या तलावातला गाळ काढायचं काम निघालं. ज्याला हवा त्याने न्यावा, अशी मुभा होती. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गृहस्थ मूठभर काळी माती कॅमेऱ्यासमोर धरून सांगत होते, की हलक्या जमिनीत गाळ टाकला की तिचं सोनं होतं. किती टाकायचा आणि कोणत्या पिकासाठी, हेही ते पुढे सांगत असावेत, पण तोवर माझे डोळे भरून आले होते. परत आल्यावर तिला आपलं तांबडं, दगडाळ शेत काळं झालेलं दिसेल. तिच्या वाट्यालाही काळी माती येईल, आणि ती मी आणलेली असेल.

मेहुण्याला सांगितलं, तर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ट्रॅक्टर माह्याच घेऊन जा ना, जवाईबापू."

इथे जावयाबद्दल थोडं सांगायला हवं. त्या गावात जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. मी बसस्टँडवर उभा राहिलो तरी कोणीतरी खुर्ची आणतं. पाय धुवायला तांब्याभर पाणी येतं, चहा येतो, आणि नको म्हटलं तर दुसऱ्या घरून येतो. अशा माणसाला कोणी "चुकलं" म्हणत नाही. त्यात पहिल्या दिवाळीला कोणीतरी माझे पाय सारस पक्ष्यासारखे आहेत असं म्हणालं होतं आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो होतो. तेव्हापासून गाव माझ्याशी काचेचं भांडं उचलावं तसं वागतं.

तर अर्ध्या शेतावर मी गाळ टाकून घेतला. पातळ थर नव्हे, चांगला वीतभर. अर्ध्याच शेतावर, कारण मग तलावाचं काम थांबलं; नाहीतर पूर्ण शेत गेलं असतं. तेवढा भाग मी दोरी लावून सपाट करून घेतला. उताराच्या बाजूला मातीचा उंच धुरा घातला, म्हणजे पावसाचं पाणी इकडेतिकडे न जाता आपल्याच शेतात राहील. येणारे-जाणारे थांबून बघत. "छान काम चालू हाय जवाईबापू," म्हणत. एकाने तर बाभळीखाली माझ्यासाठी खाट आणून टाकली. मी खाटेवर बसून ट्रॅक्टरवाल्याला हातवारे करत होतो. आयुष्यात इतका मान मला दुसऱ्या कोणत्याही कामात मिळाला नाही.

बायको परत आली. मी तिला स्टेशनवरून घरी नेलं नाही, थेट शेतावर नेलं. ती काळ्या-तांबड्याच्या सीमेवर बराच वेळ उभी राहिली. मग वाकून काळ्या मातीचं ढेकूळ उचललं आणि बोटांनी दाबून पाहिलं. ते फुटेना.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"किती दिवस राहिले पावसाले?" तिने उलट विचारलं.

मला वाटलं, तिला पेरणीची घाई झाली. तिचा आवाज जड होता, तोही मी आनंदात जमा केला. नंतर कळलं, की पावसाआधी एवढा गाळ परत काढता येईल का, याचा ती अंदाज घेत होती. येणार नव्हता. तिने दोन्ही भागांत भुईमूग पेरला आणि मला काहीही म्हणाली नाही. तिने भांडायला हवं होतं. माझ्यासारख्या माणसाला भांडण परवडतं. न बोललेलं मी महिनोन्‌महिने सांभाळत बसतो.

श्रावणात पाऊस लागून राहिला. सततच्या पावसानंतरच्या रविवारी आम्ही शेतावर गेलो, तेव्हा माती म्हणजे काय ते माझ्या पायाला पहिल्यांदा कळलं. पाऊस थांबून जरा वेळ झाला होता आणि तांबड्या भागात मी बुटांनी चालत गेलो. खड्यांमधून पाणी केव्हाच खाली गेलं होतं. रोपं हिरवी, तरतरीत, त्यांच्या बुंध्यांशी हवा खेळत होती. सीमा ओलांडून काळ्या भागात पाय टाकला आणि बूट तिथेच राहिला. पाय मोज्यासकट वर आला. पुढे सगळीकडे पाणी साचलेलं. माझ्या उंच धुऱ्याने ते इमानदारीने धरून ठेवलं होतं. त्या पाण्यात भुईमूग पिवळा पडला होता.

मेहुण्याच्या घरी गेलो. मेहुणा बाहेर गेला होता. वहिनींनी, त्याच्या बायकोने, नेहमीप्रमाणे चहा दिला. मी चिखलाच्या मोज्याने खुर्चीवर बसलो आणि विचारलं, "वहिनी, भुईमूग पिवळा कशाने पडला असेल?"

वहिनींनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगून टाक वं. आता काय लपवतं?"

"पाण्यानं," वहिनी म्हणाल्या. "भुईमुगाचे पाय सडते पाण्यात. अन् फुलातून आऱ्या खाली येते, त्या जमिनीत घुसाव्या लागते, तवा शेंग धरते. ते काळं वाळलं की दगड होते. आऱ्या घुसन कशी?"

"म्हणजे तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"मले काय, लहान लेकरालेही माहीत हाय. अख्खं गाव म्हणून राहिलं होतं, जवाईबापूनं बरडाची बांधी करून टाकली, आता भुईमुगाची रोवणी करन."

"मग कोणी बोललं काहून नाही?" माझ्या तोंडून नागपुरी बाहेर पडली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते दिसेना. "जवाईले कोन सांगन? सांगतलं असतं त तुमी ताटावरून उठले असते."

मी घाईघाईने माफी मागायला लागलो. वहिनींची, बायकोची, अनुपस्थित मेहुण्याची. मी माफी मागायला लागलो की मला थांबता येत नाही. लग्नापासूनच्या गोष्टी निघतात. बायको उठली आणि कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं. "तुमच्यातही निचरा नाही पाहा. सगळं साचून राहते. चला, धुरा फोडू."

पाऊस पुन्हा भुरभुरत होता. उताराकडचा धुरा आम्ही फोडला, पाणी सुटायला लागलं. मग पिकाच्या ओळींमधून बारीक चर काढायचे होते. ती पुढे, मी मागे. चिकट माती फावड्याला धरायची आणि प्रत्येक घावानंतर ती हाताने काढावी लागायची. जरा वेळाने ती म्हणाली, "मले एक सांगा. आपलं घर बांधलं तवा पहिले काय केलं होतं आपण?"

मी आठवून पाहिलं. हुडकेश्वरचा आमचा प्लॉट काळ्या मातीचा. पावसाळ्यात गाडी फसायची, पाया उकरला की पाणी. घर बांधायच्या आधी आम्ही ट्रकच्या ट्रक मुरूम आणून टाकला होता. तो येतो की नाही या काळजीने मी रस्त्यावर उभा राहायचो. मुरूम पसरला तेव्हा मी त्यावर अनवाणी चाललोही होतो, देवळात चालावं तसा. म्हणजे घरी मी काळ्या मातीवर मुरूम टाकला आणि इथे मुरमावर काळी माती. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, की मी संसार उभा करतो आहे.

भाद्रपदात उलटा प्रकार झाला. पावसाने दडी मारली आणि मोकळं, कोरडं ऊन पडायला लागलं. आता कबूल करायला लाज वाटते, पण मला आत कुठेतरी बरं वाटलं. काळ्या भागात ओल टिकून होती. जी रोपं वाचली होती ती हिरवी झाली. तांबड्या भागातली दुपारी माना टाकायला लागली. बरडाचा हा दोष खराच आहे. पाणी जसं लवकर जातं तसं हातात काही उरत नाही, आणि पावसाने फार दिवस पाठ फिरवली तर पीक जातं. आता तिलाही कळेल, असं माझ्या मनात आलं. आणि "तिलाही कळेल" म्हणजे तिचं शेत ट्रकमध्ये भरून जाईल, हे लक्षात आल्यावर मी माझ्याच मनाकडे चोरासारखं पाहिलं.

तिने मात्र तांबड्या भागात फिरून रोपं तपासली आणि मला बोलावलं. "हे पाहा. हे पट्टे जास्त सुकले. इकडचे नाही."

"असं काहून?"

"इथले दगड तुम्ही वेचले होते. दगडाखाली ओल राहते, सावली राहते. मोठे मोठे काढले असते त चाललं असतं. तुम्ही त चाळणी मारली."

त्या दुपारी मी धुऱ्यावर रचलेले दगड टोपलीत भरून परत शेतात नेले आणि रोपांच्या ओळींमध्ये मांडायला सुरुवात केली. बैल हाकत गावातला एक म्हातारा चालला होता. तो थांबला. बराच वेळ पाहत राहिला. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"जवाईबापू, उन्हाळ्यात वेचले ना तुमी हे?"

"हो."

"अन् आता पेरून राहिले?"

बायको इतकी मोठ्याने हसली की बैल दचकला. म्हातारा घाबरून माझ्याकडे पाहायला लागला, मी रुसतो की काय म्हणून. मीही हसलो. खोटं नाही, थोडं लागलं. पण दगड मांडत राहिलो. दोन दिवसांनी रात्रभर पाऊस झाला आणि तांबड्या भागातल्या रोपांनी माना वर केल्या. माझ्या दगडांनी किती मदत केली, देव जाणे. तेवढे दोन दिवस कोणतंही रोप दगडांशिवायही तगलं असतं.

भुईमूग काढायच्या दिवशी मेहुणा आला. रोज येणाऱ्या माणसासारखा नाही, तर निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखा, हात मागे बांधून. वहिनी आणि गल्लीतल्या दोन-तीन बाया काढायला आल्या होत्या. बायकोने सकाळपासून चहा घेतला नव्हता.

तिने तांबड्या भागातलं पहिलं झाड धरलं आणि उपटलं. अलगद आलं. झटकलं तर खडे झडून गेले आणि मुळांशी शेंगांचा घोस राहिला, पांढराशुभ्र, धुतल्यासारखा. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. बाया ओळीने पुढे सरकायला लागल्या. झाडं झटकल्याचा आवाज येत राहिला. सुकलेल्या पट्ट्यांत शेंगा कमी होत्या, पण बाकी शेत भरलेलं होतं. मेहुण्याने एक झाड स्वतः उपटलं. शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि चावत चावत शेतभर नजर फिरवली.

मग काळा भाग. मी पुढे झालो. झाड धरून ओढलं, तर पाला हातात आला आणि शेंगा जमिनीतच राहिल्या. दुसरं ओढलं, तेही तसंच. काळं वाळून इतकं घट्ट झालं होतं, की फोडून भुगा केल्याशिवाय शेंगा सोडणार नव्हतं. बाया माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. आजवर अशा वेळी कोणीतरी "राहू द्या जवाईबापू, तुमी बसा" म्हणायचं.

वहिनींनी माझ्यासमोर खुरपं टाकलं. "घ्या. तुमचं काळं तुमीच खणा. आमचे हात नाई मोडत त्यात."

"अन् बसून खणा," मेहुणा मागून म्हणाला. त्याचा आवाज मला नवीन होता. "उभं राहून काय खणता? एवढा गाळ आणून टाकला, एका शब्दानं इचारलं का मले? बरडावर कोनी धुरा घालते का? अक्कल कुठं गेली होती?"

सगळे दचकले. बायकोसुद्धा. मी खुरपं घेऊन बसलो आणि म्हणालो, "तुम्ही तेव्हा का नाही म्हणालात?"

मेहुण्याने पायाने एक ढेकूळ फोडायचा प्रयत्न केला, ते फुटलं नाही. "कारण मले हे शेत पायजे होतं," तो म्हणाला. "मनलं, जवाईच बुडवून राहिला त आपल्याले काय. बोललो असतो त पीक झालं असतं." मग बहिणीकडे न पाहता तो पुढे म्हणाला, "तरी झालंच म्हना."

बायको शेंगा झटकायची थांबली. तिने एवढा वेळ जे धरून ठेवलं होतं ते चेहऱ्यावरून उतरताना मला दिसलं. "मग काय ठरवतं दादा?"

"मुरूम नाई देत कोनाले. सांगून टाकतो आजच." तो काळ्या भागाकडे वळला. "पन हे काळं तुले ठेवायचं हाय का?"

"नाई ठेवत."

"मग दिवाळीनंतर मी उचलतो. माह्या खालच्या बांधीत टाकतो. धानाले हेच पायजे."

"ने. सगळं ने," ती म्हणाली. "अन् ट्रॅक्टरवर तू बस. यांले बसवू नको."

बाया हसल्या. मेहुणाही हसला आणि काळ्या भागात माझ्या शेजारी येऊन बसला. वहिनींकडून दुसरं खुरपं मागून घेतलं. आम्ही दोघं जमीन खरवडत होतो. माझ्या खुरप्याने शेंगा मधोमध कापल्या जात होत्या. त्याने ते पाहिलं.

"असं नाई. बाजूनं घाला," तो म्हणाला.

मी बाजूनं घातलं. तरी एक कापली गेली. माझ्या तोंडावर माफी आली होती. ती तिथेच ठेवून मी पुढच्या झाडाला लागलो.